सड्यावाचून किनारा नाही

कोकणच्या पर्यटनाचा कुठलाही आराखडा घ्या, त्याचे तोंड समुद्राकडे असते. जेटी, सागरी महामार्ग, वाळूवरच्या कुट्या, पाण्यातले खेळ, वाहनतळ, स्वच्छतागृहे असा त्याचा ठरलेला क्रम असतो. यातल्या अनेक गोष्टी हव्याच आहेत. दिवसभर किनाऱ्यावर हिंडणाऱ्या बाईमाणसाला साधे स्वच्छतागृह मिळू नये, हे कुठल्याच पर्यटनस्थळाला शोभणारे नाही. पण वाळूच्या पट्ट्यालाच कोकण समजून केलेल्या नियोजनातून गावाच्या हाती काय पडले, हा हिशेब आता मांडायला हवा. सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. त्यानंतरच्या २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. शेजारच्या रत्नागिरीत घट आणखी मोठी, १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजार. याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सतरा टक्क्यांहून अधिक वाढली होती. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, घर आणि शेत बाईच्या अंगावर, हे जुने कोकणी गणित त्या एका आकड्यात दिसते. ही घट पर्यटनामुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. पर्यटनाने ती थांबवली नाही, एवढे मात्र हे आकडे सांगतात. याचे मोठे कारण आपण किनारा गावापासून तोडून पाहतो, हे आहे. किनारी गावाचे पाणी, त्याचा सर्वांत जुना वारसा आणि बारमाही रोजगाराची शक्यता ज्या जमिनीवर आहे, ती जमीन वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, आहे. सडा ते समुद्र असे अख्खे गाव एकत्र धरल्याखेरीज ना पर्यटन टिकेल, ना किनारा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या समुद्राकाठच्या गावांची ठेवण बहुतेक ठिकाणी सारखी आहे. पाण्यापासून वर चालू लागले की आधी पुळण, मग वाळूच्या उंचवट्यावरची मर्यादवेल आणि केवड्याची बने, त्यामागे माडा-पोफळीच्या बागा आणि घरे. खाडी असेल तिथे कांदळवन आणि खाजण. मग भाताचे मळे, मग झाडीचा उतार, आणि उताराच्या माथ्यावर दूरवर पसरलेला जांभ्याचा सपाट कातळ, म्हणजे सडा. उन्हाळ्यात तो काळा, तापलेला, ओसाड दिसतो. पण गावाचे पाणी तिथेच साठते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पडलेले पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण मातीच्या थराशी अडते आणि उताराच्या अंगाने झऱ्यांच्या, पऱ्ह्यांच्या, व्हाळांच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याच्या विहिरी त्यावर भरतात, पोफळी त्यावर जगतात, गावातल्या देवळाची तळी त्यावर टिकते. वरून येणारे हे गोडे पाणी जमिनीखालून समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवूनही धरते. वरचा पुरवठा कमी झाला किंवा खालचा उपसा वाढला, की किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. मे महिन्यात ज्या गावांत पाण्याचे टँकर फिरतात, त्याच गावांत त्याच दिवसांत पर्यटकांची सर्वांत मोठी गर्दी असते. समुद्राचे दर्शन घडवणाऱ्या खोलीतला नळही सड्यावरच्या पावसावरच चालतो, हे पर्यटनाच्या कुठल्याच आराखड्यात लिहिलेले नसते.

आपले कायदेही या जमिनीला ओलांडून जातात. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, २०१९ ची अधिसूचना भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा विचार करते. त्यातही ग्रामीण भागात दाट वस्ती असेल तर बांधकामास पूर्ण मनाई असलेला पट्टा ५० मीटरचा, विरळ वस्ती असेल तर २०० मीटरचा. दुसऱ्या टोकाला सह्याद्री. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि २०१४ पासून पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे निघत आले. त्यांच्याविषयी मतभेद काहीही असोत, घाट ही जपण्याची गोष्ट आहे एवढे तरी सरकारदरबारी मान्य झाले आहे. घाट आणि भरतीरेषा यांच्या मधला सडा मात्र बहुतांशी कोणाच्याच वहीत नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराब म्हणून लागतो, महसुलाच्या लेखी त्यातून काही पिकत नाही, आणि जिथे काही पिकत नाही ती जमीन प्रकल्पाला, खाणीला किंवा भूखंडांना मोकळी आहे असे गृहीत धरले जाते. कायद्याने आखलेल्या रेषा किनाऱ्याला समांतर जातात. पाणी, गुरे, माणसे, गावातल्या देवाची पालखी या साऱ्यांची वाट मात्र त्या रेषांना छेदून वरून खाली आणि खालून वर जाते. ५०० मीटरच्या आत कितीही कडक नियम पाळला, तरी त्यापलीकडे सडा फोडला तर किनाऱ्याचे नुकसान टळत नाही.

ज्याला ओसाड म्हणतात त्या कातळावर काय आहे, हे गेल्या काही वर्षांत जगाला कळले. कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले पणसायमळ अशी नऊ ठिकाणे आहेत. हे यश मुळात स्थानिक हौशी अभ्यासकांचे आहे. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव गुराख्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत सडे तुडवत राहिले, तेव्हा हजाराहून अधिक चित्रांचा हा ठेवा नोंदला गेला. त्यातली काही चित्रे मध्याश्मयुगापर्यंत मागे जात असावीत असे संशोधकांचे मत आहे. एकशिंगी गेंड्यासारखे प्राणी इथे कोरलेले दिसतात, जे आज कोकणात कुठेही नाहीत. म्हणजे हवामान, जंगल आणि माणूस यांच्या बदलत्या नात्याचा जो दस्तऐवज कोणत्याही पोथीत नाही, तो जांभ्यावर आहे. शिवाय ही चित्रे संग्रहालयात हलवता येत नाहीत. ज्या दगडात ती कोरली आहेत तो दगड गेला की ती गेली.

राजापूर तालुक्यातली कशेळी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिथल्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद असा हत्ती कोरलेला आहे आणि त्या हत्तीच्या देहाच्या आत जमिनीवरच्या व पाण्यातल्या प्राण्यांच्या अनेक लहान आकृती आहेत. त्याच गावात कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा बाराव्या शतकातला ताम्रपट या देवस्थानाशी निगडित आहे, आणि मूर्ती समुद्रमार्गे सौराष्ट्रातून आली अशी कथा गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहे. आणि त्याच गावाच्या खाली कड्यांच्या कुशीत देवघळीचा किनारा आहे. अश्मयुगीन चित्र, मध्ययुगीन देऊळ, निसर्गाने कोरलेला कडा आणि समुद्र हे सगळे एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. येणारा पर्यटक मात्र बहुतेकदा खाली गाडी लावतो, छायाचित्रे काढतो आणि निघून जातो, कारण कोणी त्याला वर जायला सांगितलेले नसते. कशेळीत एक रात्र मुक्काम करायला सबळ कारणे आहेत. ती सांगणारा, दाखवणारा, राखणारा गावकरी पगारी असावा, हे आपल्या पर्यटन धोरणाला अजून सुचलेले नाही.

कातळशिल्पांइतकीच सड्यावरची पावसाळी वनसंपदा अमोल आहे. पहिल्या पावसाबरोबर पांढऱ्या फुलांची दीपकाडी उगवते. ती कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरचीच रहिवासी. पुढे सीतेची आसवे, कवला, कीटक खाणारा दवबिंदू यांचे गालिचे येतात आणि सप्टेंबर संपता संपता नाहीसे होतात. मातीचा थर बोटभर, पाणी कधी गुडघाभर तर कधी थेंबभरही नाही, अशा जागी जगण्याची युक्ती या वनस्पतींनी शोधली आहे. सड्यावरच्या डबक्यांत बेडूक आणि चतुर वाढतात, गवतावर गुरे पोसतात. हे सारे अडीच-तीन महिन्यांचे असते आणि नेमक्या त्याच काळात किनाऱ्याचे पर्यटन बंद असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, समुद्र खवळलेला, पाण्यातले खेळ बंद. हॉटेले आणि घरगुती खानावळी रिकाम्या असतात तेव्हा सडा फुललेला असतो. किनाऱ्याच्या पर्यटनाची सर्वांत मोठी अडचण, म्हणजे वर्षातून मोजके दिवस तुडुंब गर्दी आणि उरलेले महिने शुकशुकाट, तिच्यावरचा उपाय गावाच्या डोक्यावरच आहे.

आणि तोच आपण खोदून काढतो आहोत. चिरेखाणीत यंत्राने कापलेला सडा पुन्हा सडा होत नाही. मागे उरतो तो उभ्या भिंतींचा खड्डा. पावसाळ्यात खाणीतला आणि नव्या रस्त्यांच्या कटाईतला लाल गाळ व्हाळांतून खाडीत येतो आणि कालवे, मुळे, तिसऱ्या अशा शिंपल्या वेचून घर चालवणाऱ्या बायकांच्या जागा बुजवतो. भूखंड पाडणारे बाहेरगावचे व्यावसायिक सडा सपाट करतात, कुंपण घालतात, आणि गावाच्या गुरांना चरायला व माणसांना देवाला जाण्याच्या वाटा एका रात्रीत बंद होतात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये मातीपरीक्षण सुरू झाले, तेव्हा शेकडो गावकरी, त्यांत बहुसंख्य बायका, कातळावर ठिय्या देऊन बसले. त्या प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद महाराष्ट्राने पुष्कळ ऐकले आहेत. इथे एवढेच नोंदवायचे की ज्या गावाचे नाव एक वर्षापूर्वी जागतिक वारशाच्या यादीसाठी पाठवले गेले, त्याच्या सड्याला प्रकल्पाच्या कागदांवर पडीक म्हणून पाहिले जात होते. दोन्ही कागद आपल्याच सरकारांचे होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सड्याच्या मालकाकडून, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. कोकणात सड्याची बरीचशी जमीन खासगी आहे, तीही भावाभावांत वाटली गेलेली. चिरा विकून मुलीचे शिक्षण होते, भूखंड विकून मुंबईत खोली होते. दीपकाडीचे फूल पाहून घर चालत नाही. आंबा बागायतदारही असेच म्हणेल. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणात कलमांची लागवड झपाट्याने वाढली. कातळात सुरुंग लावून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून त्यात कलम लावायचे, अशी लागवड सड्यांवर झाली. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या कष्टाचाही वाटा आहे. या माणसांना निसर्गद्रोही ठरवणे अन्यायाचे आणि निरुपयोगी आहे. त्यांनी सड्याचा तोच उपयोग केला ज्याचे पैसे त्यांना कोणी तरी देत होते. मग उत्तर असे की सडा राखण्याचेही पैसे त्यांना मिळाले पाहिजेत. गावात येणाऱ्या पर्यटकाकडून ग्रामपंचायतीने शुल्क घ्यावे, सड्यावर जाणाऱ्याने गावचा वाटाड्या घ्यावाच असा नियम असावा, आणि त्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा सडा न फोडणाऱ्या खातेदारांना मिळावा. जिथे कातळशिल्प आहे किंवा ज्याच्या खाली गावाच्या विहिरी आहेत, असा सडा राज्याने भाडेपट्ट्याने राखायला काय हरकत आहे? धरणासाठी, रस्त्यासाठी जमीन घेताना मोबदला देतो. गावचे पाणी साठवणाऱ्या जमिनीला मोबदला देणे हे त्याहून न्याय्य आहे. आणि आंब्याची बाग सड्याच्या कडेला, माती असलेल्या उतारावर राहू शकते. प्रश्न उरलेला अखंड कातळ फोडायचा की नाही, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. घरगुती मुक्काम आणि निसर्गसहली यांतून किती पोटे भरणार? गोव्यासारखे मोठे काही हवे. आधी कोकणातच काय घडले ते पाहू. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी खणून खाल्ली किंवा विकली जात. गावकऱ्यांनीच राखण स्वीकारली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि नाना फडणवीसांचे मूळ गाव एवढीच ज्याची ओळख होती त्या गावात घरोघरी पाहुणे उतरू लागले. तिथे आलिशान हॉटेलाची गरज पडली नाही. सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात जाताना पाहायची, आणि जेवण गावातल्या स्वयंपाकघरातले. जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे थेट घरातल्या बाईच्या हाती पडतात. वेळासनंतर आंजर्ले, गुहागर आणि इतर अनेक किनाऱ्यांवर राखण सुरू झाली. २०२२ मध्ये इथल्या पाच माद्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावून त्यांचा प्रवास अभ्यासला गेला. ओडिशात २०२१ मध्ये क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरचे कासव पश्चिमेकडे येते हे विज्ञानाला कळले, ते किनारा रात्री जागून राखणाऱ्या गावकऱ्यांमुळे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. ज्या झाडीला एरवी चिखल आणि डास म्हणून नाके मुरडली जात, ती त्यांनी रोजगाराची जागा केली.

याच्या उलट उदाहरणही सिंधुदुर्गातच आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. उद्देश चांगला होता, कारण तिथे प्रवाळ आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे समुद्रजीवन समृद्ध आहे. पण मच्छीमारांना विश्वासात न घेता रेषा आखली गेली आणि अभयारण्य हा शब्द मालवणात कायमचा संशयाचा झाला. तिथल्या पारंपरिक मच्छीमाराची रापण आठवावी. किनाऱ्यावरून जाळे टाकायचे, शेकडो हातांनी ओढायचे, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. ही पद्धत मोकळ्या पुळणीवरच चालते. तिला एकीकडे पर्ससीन जाळ्यांच्या आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीने गाठले आहे, दुसरीकडे वाळूवर ओळीने मांडलेल्या खुर्च्यांनी आणि पाण्यातल्या खेळांच्या बोटींनी. मच्छीमाराला पर्यटन नको आहे असे नाही. अनेक मच्छीमार कुटुंबे होड्यांतून पर्यटक नेतात, खोल्या देतात. त्याला आपल्या पुळणीचा निर्णय आपल्याला विचारून व्हायला हवा आहे. वेळासला गावाला विचारून काम झाले, मालवणला विचारले नाही, आणि दोन्ही ठिकाणचा फरक आज कोणीही जाऊन पाहू शकतो.

गोव्याचे म्हणाल, तर गोव्याचा अनुभव इशारा म्हणूनच वाचावा. तिथल्या मोरजी किनाऱ्यावर कासवांची घरटी आणि शॅकचे दिवे, आवाज यांचा झगडा वर्षानुवर्षे चालू आहे, आणि बार्देशच्या किनारपट्टीवर गर्दी, कचरा, पाणी यांचे प्रश्न गोवेकरच पोटतिडकीने मांडतात. शिवाय गोव्याचा नमुना उचलायचा तर आपण गोव्याची दुय्यम प्रत होणार. ज्याला गोवा हवा आहे तो चार तास पुढे जाऊन अस्सल गोवाच पाहील. कोकणाला आपले असे काही द्यायचे असेल तर ते कातळशिल्पे, देवरायांतली देवळे, पिंगुळीची चित्रकथी, दशावतार, खाडीतली तर (होडी) आणि पावसाळी सडे यांत आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागराकाठचे आहेत. या चारही किल्ल्यांना समुद्राइतकाच मागच्या गावांचा आधार होता. माणसे, धान्य, लाकूड, गलबते बांधणारे आणि चालवणारे हात तिथूनच येत. तासाभराची बोटफेरी करून पर्यटक परत गेला, तर त्या मानांकनाचा गावाला उपयोग काय?

गर्दी सड्यावर नेली तर सडाही तुडवला जाईल, ही भीती रास्त आहे, आणि सगळ्या आक्षेपांत मला हाच सर्वांत वजनदार वाटतो. साताऱ्याच्या कास पठाराने ते अनुभवले. फुले पाहायला लोटलेल्या गर्दीने फुलेच चिरडली, मग दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, शुल्क आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे देखभाल अशी व्यवस्था करावी लागली. कोकणातल्या सड्यांनी ही मर्यादा गर्दी होण्याआधीच घालून घ्यावी. कातळशिल्पावर पाय न देता ते पाहता येईल असा कठडा उक्षीसारख्या ठिकाणी झाला आहे. तो प्रत्येक ठिकाणी हवा. गाडी सड्यावर चढू नये. गाणी वाजवणारे कर्णे, रात्रीच्या शेकोट्या यांना बंदी असावी. एका गावाने दिवसाला पन्नासच माणसे घेतली तरी चालेल. कोकणात असे सडे एक-दोन नाहीत, गावोगाव आहेत, आणि थोडे थोडे पर्यटक अनेक गावांत विभागले जाणे हेच इथल्या पाण्याला, रस्त्यांना आणि माणसांना झेपणारे आहे.

गावाला एवढी शिस्त जमेल का, असे विचारणाऱ्यांनी मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण आठवावी. ठराविक वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सगळे गाव, गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह, घरांना कड्या घालून तीन दिवस-रात्री वेशीबाहेर राहायला जाते. हजारो माणसे एका निर्णयाने वागतात आणि रिकामे गाव सुखरूप राहते. सामूहिक निर्णय घेण्याची आणि पाळण्याची ही ताकद कोकणाच्या हाडीमाशी आहे. मात्र गावऱ्हाटीचे, म्हणजे गावच्या या पारंपरिक व्यवस्थेचे, कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तिच्यात मानपान, जातींची उतरंड आणि बायकांचे मौनही आहे. म्हणून सड्याचा आणि पुळणीचा निर्णय मानकऱ्यांच्या बैठकीत होऊ नये. तो ग्रामसभेत व्हावा, जिथे भंडारी, गाबीत, कुणबी, बौद्ध, धनगर, मुसलमान सगळ्यांना आणि सगळ्या बायकांना समान मत आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि जैवविविधता वारसास्थळ जाहीर करण्याची तरतूदही त्यात आहे. सिंधुदुर्गात ती वापरलीही गेली आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे येथील मिरिस्टिकाची दलदल २०२० मध्ये, आणि आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ सापडलेल्या छोट्या माशासाठी तिथली जागा २०२१ मध्ये वारसास्थळ झाली. अडीच-तीन हेक्टरच्याही आतल्या या जागा आहेत. एका बोटभर माशासाठी जे करता आले, ते अख्ख्या गावाला पाणी देणाऱ्या सड्यासाठी न करण्याचे कारण काय? ग्रामसभेने आपला सडा, त्यावरची शिल्पे, तळी, फुलोरा, चराई आणि खालचे झरे नोंदवहीत लिहावेत आणि वारसास्थळाचा प्रस्ताव पाठवावा. चिरेखाणीच्या परवान्याआधी तिच्या खालच्या विहिरींचा अहवाल ग्रामसभेसमोर यावा, आणि सातबाऱ्यावरच्या पोटखराबाच्या नोंदीशेजारी जलस्रोत अशी नोंद करण्याची मुभा महसूल खात्याने द्यावी. राज्याने २०२४ मध्ये किनारपट्टीवरच्या शेकडो गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, तेव्हा गावागावांतून हरकती उठल्या त्या याच कारणाने. नवी मुंबई वसवणाऱ्या यंत्रणेच्या नकाशात सड्याला रंग कोणता द्यायचा, हे तिथे गुरे राखणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

शेवटचे सांगणे मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना. गावच्या मतदारयादीत तुमचे नाव नसेल, पण सड्याच्या सातबाऱ्यावर ते बहुधा आहे, आणि दलालाचा फोन सही मागायला तुम्हालाच येतो. मे महिन्यात आंब्यासाठी गावी जाताच, आणि १ मेला ग्रामसभा असते. सही करण्याआधी एकदा त्या सभेत जाऊन बसा, आपल्या सड्याखाली कोणाकोणाच्या विहिरी आहेत ते विचारा, आणि सडा न विकण्याचा ठराव मांडायला गावाला तुमच्या हिश्श्याची संमती लेखी द्या.